येमबाईंचा वर्ग

आमच्या लाल किनारा वस्तीतल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा, रशियन कुणी शिकवलं, तर तो एकच नाव घेईल. येमबाई. आणि नाव घेताना नकळत पाठ ताठ करील. बाईंच्या वर्गात माशीसुद्धा विचार करून उडायची, असं लोक म्हणतात. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं ताश्कंदला डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली, मॉस्कोपर्यंत पोचली. पण याच बाईंनी शिकवायला सुरुवात केली ती आपल्या कोरियन भाषेच्या अक्षरांपासून, हे आता फार थोड्यांना माहीत आहे.

त्यांचं पूर्ण नाव येम दानसिम. १९३७ साली सरकारने रशियाच्या पूर्व टोकाच्या, समुद्राकडच्या गावांतून सगळ्या कोरियनांना मालगाडीत घालून इकडे ताश्कंदच्या बाजूला आणलं, तसं त्यांनाही आणलं. वय एकवीस, पोटात मूल. नवराही शिक्षकच होता. सुगीच्या आधी पोलिसांची एक मोटार येऊन त्याला घेऊन गेली होती आणि त्यानंतर त्याची काहीच खबर नव्हती. गाडी चिर्चिक नदीच्या काठी रिकामी झाली. समोर बोरूचं रान, डास आणि दलदल. लोकांनी जमिनीत खड्डे खणले, वर बोरूचं छप्पर घातलं आणि तो हिवाळा काढला. ज्यांना काढता आला नाही, त्यांच्यासाठी टेकाडावर आणखी खड्डे खणावे लागले.

सगळ्यात मोठ्या खड्ड्यात शाळा भरली. हेडमास्तर मुन गुरुजी. त्यांनी गाडीत चढताना स्वतःचं अंथरूण ठेवून दिलं होतं आणि अंकलिपीच्या दोन पेट्या चढवल्या होत्या. बायको त्यावरून त्यांना हिवाळाभर टोचत राहिली. पहिलीचा वर्ग बाईंकडे आला. पोटावर हात ठेवून त्या अक्षरं म्हणायच्या आणि मुलं जमिनीखालून अशी ओरडून म्हणायची, की वरून मेंढ्या हाकत जाणारा उझबेक धनगर थबकून पायाखाली बघायचा. पोरं गमावलेल्या काही बाया बर्फात त्या छपराशी येऊन उभ्या राहत. आत कुणी बोलावलं तर यायच्या नाहीत. नुसतं ऐकायच्या आणि जायच्या.

हिवाळा सरता सरता बाईंना मुलगी झाली. रोझा.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीला जिल्ह्याहून इन्स्पेक्टर आला. यापुढे सगळ्या शाळांतून शिकवणं रशियनमध्ये व्हायचं, कोरियन पुस्तकं जमा करायची, असा हुकूम त्याने वाचून दाखवला. मुन गुरुजींनी एवढंच विचारलं, की मग ही मुलं घरी जाऊन आईशी कुठल्या भाषेत बोलतील. इन्स्पेक्टरने हुकमाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. काही दिवसांनी गुरुजींना जिल्ह्याला बोलावणं आलं, ते गेले आणि परत आले नाहीत. अंकलिप्या न्हाणीघराच्या चुलीत गेल्या. त्या आठवड्यात सगळ्या वस्तीने कढत पाण्याने अंघोळ केली.

इन्स्पेक्टर बाईंशी वेगळं बोलला. आवाज अगदी सौम्य होता.

"तुमचे यजमान कुठे आहेत ते आम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला. "मुलगी लहान आहे ना तुमची?"

बाईंनी मान हलवली.

त्यांची स्वतःची रशियन बाजारहाटापुरतीच होती. दवाखान्यात क्लावदिया नावाची एक रशियन नर्स होती. रोझाच्या जन्माला तिनेच हात दिला होता. बाई रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन दुसऱ्या दिवसाचा धडा शिकून घ्यायच्या आणि सकाळी तोच मुलांना शिकवायच्या. मुलांच्या जेमतेम एक पाऊल पुढे. त्यामुळे कुणी अवघड प्रश्न विचारलेला त्यांना चालायचा नाही. धाक बसवला तो आधी स्वतःचं अज्ञान उघडं पडू नये म्हणून. वर्गात कोरियन शब्द काढायचा नाही, हा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी घातला. मुलांची नावंही बदलली. क्लावदियाने सांगितलेली नावं त्यांनी ओळीने वाटली. शेवटच्या बाकावर त्यान दोन्छोल नावाचा एक मुलगा होता. त्याच्यापर्यंत येईतो सोपी नावं संपली होती, म्हणून त्याच्या वाट्याला लेओन्ती आलं. ते त्याला कित्येक दिवस उच्चारता यायचं नाही.

हिवाळ्यात एकदा इन्स्पेक्टर पुन्हा आला आणि वर्गात मागे जाऊन बसला. बाई फळ्यावर लिहीत होत्या. लेओन्ती उभा राहिला आणि बाहेर जाऊ का, म्हणून त्याने विचारलं. कोरियनमध्ये.

बाई रशियनमध्ये म्हणाल्या, "नीट विचार."

मुलगा गोंधळला. त्याने तेच पुन्हा विचारलं, आधीपेक्षा हळू. शब्द त्याला येतच नव्हते. बाईंना हे कळत होतं. मागे बसलेल्या इन्स्पेक्टरची पेन्सिल थांबली आहे, हेही कळत होतं. त्या फळ्याकडे वळल्या आणि लिहीत राहिल्या. थोड्या वेळाने मुलं हसायला लागली. बाईंनी वळून पाहिलं तेव्हा तो उभाच होता आणि त्याच्या पायांखालची माती ओली झाली होती.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. संध्याकाळी त्याची आई बाईंच्या खोपीत आली. तिचं नाव बुन्ये. बारकी, वाकलेली बाई. हातात सोयाबीनच्या आंबवलेल्या पिठाचा वाडगा. त्या वर्षी असा भरलेला वाडगा म्हणजे घरातलं शेवटचंच असणार. तिने तो खाली ठेवला आणि डोकं टेकवून नमस्कार केला.

"पोर मठ्ठ आहे माझं, बाई," ती म्हणाली. "तुम्हाला त्रास झाला. चार फटके मारा त्याला, पण वर्गात घ्या परत."

शेजारच्या खोपीत कोण राहतं, भिंतीतून काय ऐकू जातं, याचा बाईंना तेव्हा सतत घोर असायचा. त्यांनी उत्तर दिलं ते रशियनमध्ये. उद्या पाठवा, मी घेते, असंच काहीतरी म्हणाल्या. बुन्येला त्यातलं अक्षर कळलं नाही. ती हसऱ्या तोंडाने वाट बघत राहिली, की आता बाई माणसासारखं काही बोलतील. मग तिला वाटलं, हा नकारच. तिने पुन्हा नमस्कार केला आणि गेली. मुलगा शाळेत परत आला नाही. तो बापाबरोबर कालव्याच्या कामाला लागला.

बाई तिच्या मागे गेल्या नाहीत. उद्या जाऊ म्हणाल्या. मग परवा म्हणाल्या.

पुढे वस्तीला बरकत आली. दलदलीची भातखाचरं झाली, मग कापूस आला, युद्ध आलं आणि गेलं, खोपींच्या जागी विटांची घरं उठली, शाळेला लाकडी फरशी आणि काचेच्या खिडक्या आल्या. बाईंची रशियन इतकी स्वच्छ झाली, की नवे रशियन शिक्षक त्यांच्याकडून वाक्यं तपासून घेत. नवरा निर्दोष होता, असा कागद वीस वर्षांनी आला. त्यासोबत तो ज्या वर्षी मेला ते सालही होतं. तेच साल, ज्या साली त्याला नेलं होतं. बाईंनी कागद वाचला, कपाटात ठेवला आणि पुढच्या तासाला गेल्या.

रोझाशी त्या पाळण्यापासून रशियनच बोलल्या. पोरीला भाषेचं काटेरी ओझं नको, असं त्यांना वाटायचं. रोझाला कोरियनमध्ये जेवणातल्या पदार्थांची नावं यायची, बाकी शून्य. ती शिकली, रसायनशास्त्रज्ञ झाली, लग्न करून व्होल्गोग्रादला गेली. बाई एकट्या राहिल्या. त्यांना एकटं राहणं जमायचं.

त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर वारं फिरलं. शाळांतून आपापल्या भाषा शिकवायला हरकत नाही, असं वरून कळलं. लाल किनाऱ्याच्या शाळेत कोरियनचा वर्ग काढायचं ठरलं आणि मग लक्षात आलं, की लिहिता-वाचता येणारं कुणी उरलेलंच नाही. हेडमास्तरीण स्वतः बाईंची विद्यार्थिनी. ती भीत भीत बाईंच्या घरी गेली.

"विसरले मी सगळं," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

पण त्या आठवड्यात त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला पेन्सिल टेकवून पाहिली. डोकं विसरलं होतं, हाताला येत होतं. एका अक्षरामागून दुसरं अक्षर उतरत गेलं आणि बाई आपल्याच हाताकडे परक्यासारख्या बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या शाळेत जाऊन म्हणाल्या, की संध्याकाळचा वर्ग घेईन.

पहिल्या संध्याकाळी वर्गात उभं राहायला जागा नव्हती. मुलं होती, मुलांचे आईबाप होते, कुणी नुसतेच बघायला आलेले होते. आणि मागच्या बाकावर, कालव्यातले रबरी बूट घातलेला, लेओन्ती. आता साठीचा. पन्नास वर्षं दोघं एकाच वस्तीत राहिले होते. तो पाटकरी झाला होता. कुणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं ते तो ठरवायचा. वाटेत भेटला की टोपी काढून नमस्कार करायचा, बाई मान हलवायच्या. त्याच्या आईच्या अंत्यविधीला बाई गेल्या होत्या, पण मागे उभ्या राहून परत आल्या होत्या.

वर्ग सुटल्यावर तो टेबलाशी आला.

"बाई, मला सगळं नको. एक नाव तेवढं लिहायला शिकवा."

"कुणाचं?"

"आईचं. कबरीवर पत्रा आहे, त्यावर रशियन अक्षरं आहेत. तिला ती वाचता यायची नाहीत."

बाईंनी त्याला एका नावावर सोडलं नाही. पहिल्या अक्षरापासून शिकवलं. फावड्याला सरावलेल्या हातात पेन्सिल मोडायची. शेजारची पोरं त्याला छळायची. "आजोबा, पेन्सिल आहे ती, बांध फोडायचा नाहीये," असं एकजण म्हणाला, तेव्हा लेओन्तीने वर न बघता सांगितलं, "बांध तुझ्या शेताचा फोडतो, थांब." बाईंच्या वर्गात लोक मोकळेपणी हसतात, हे वस्तीने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

एका संध्याकाळी दोघंच मागे राहिले होते. लेओन्ती 'बुन्ये' लिहीत होता, खोडत होता, पुन्हा लिहीत होता. बाई म्हणाल्या, "लेओन्ती, त्या दिवशी वर्गात..."

"त्या दिवशी पाणी फार प्यायलो होतो मी, बाई," तो म्हणाला आणि लिहीत राहिला.

बाईंनी त्याचा कागद घेतला. नाव बरोबर होतं.

दोनेक वर्षं वर्ग चांगला चालला. मग देश फुटला. ज्या देशाची भाषा बाईंनी जन्मभर शिकवली तोच नकाशावरून गेला. दुकानं रिकामी झाली आणि दक्षिण कोरियातल्या सोलहून एक शिक्षिका आली. कू यनजू. तरुण, हसतमुख, कामाला वाघ. तिने बरोबर रंगीत पुस्तकं आणली, टेपरेकॉर्डर आणला, मुलांना गोळ्या आणल्या. पहिल्या दिवशी ती बाईंच्या वर्गात मागे बसली आणि बाईंचं बोलणं ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी पणजी असं बोलायची, असं तिने नंतर सांगितलं.

पुढे शाळेत बैठक झाली. कू बाई अदबीने, दोन्ही हात मांडीवर ठेवून बोलली.

"आजींची भाषा फार गोड आहे. पण ती आता कुठे कुणी बोलत नाही. ही मुलं उद्या सोलला कामाला गेली, परीक्षेला बसली, तर लोक हसतील त्यांना."

हेडमास्तरीण खाली बघत होती. सगळे बाईंच्या उत्तराची वाट बघत होते. बाईंना यात नवीन काही वाटलं नाही. हाच हिशोब त्यांनी स्वतः जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना ऐकवला होता.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मुलांच्या जे उपयोगी पडेल तेच शिकवावं."

त्यांनी खडू कू बाईच्या हातात दिला. ती उठून वाकली, दोन्ही हातांनी तो घेतला. दुसऱ्या दिवसापासून बाई शाळेत गेल्या नाहीत. पोरं नव्या पुस्तकातलं मोठ्याने म्हणत ते खिडकीतून त्यांना ऐकू यायचं. काही शब्द त्यांना कळायचे नाहीत.

लेओन्ती मात्र वर्गाला जात राहिला. वसंतात हान्शिक येतो, आईबापांच्या कबरी साफ करून जेवण वाढायचा दिवस. त्याच्या आधी दगड बसवायचा म्हणून त्याने पाथरवट ठरवला होता. एक दिवस तो बाईंच्या दारात आला, बूट चिखलाने भरलेले.

"कू बाई म्हणतात, बुन्ये असं नाव नसतं. ते गावठी झालं. बुन्न्यो लिहायचं."

बाईंनी कागद बघितला. समुद्रकाठच्या अध्यापक शाळेत त्यांनाही हेच शिकवलं होतं. बोलताना बुन्ये, लिहिताना बुन्न्यो. लेओन्तीला लिहून देताना मात्र त्यांना शाळा आठवली नव्हती. खोपीत वाकलेली ती बाई आठवली होती.

"पुस्तकात तसंच आहे," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही मला दुसरं का शिकवलंत?"

"तू म्हणालास तसं मी लिहिलं."

"मग दगडावर काय घालू?"

बुन्ये घाल, हे शब्द बाईंच्या तोंडाशी आले होते, असं त्यांनी पुढे रोझाला सांगितलं. पण उद्या कुणी शिकलेला माणूस येऊन वाचील, चूक काढील, लोक लेओन्तीला हसतील, असं त्यांच्या मनात आलं. चूक दिसली की त्यांचा जीव घाबरा व्हायचा, ती सवय त्यांच्या हाडात होती.

"दगडावर बरोबर असलेलं बरं," बाई म्हणाल्या.

हान्शिकच्या सकाळी अख्खी वस्ती टेकाडावर होती. गवत उपटून झालं, भात, उकडलेली कोंबडी, अंडी मांडून झाली, वोद्काचे छोटे पेले कबरींवर ओतून झाले. लेओन्तीने बाईंना हाताला धरून वर नेलं. काळा दगड चकचकीत होता. त्याने बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. आजूबाजूचे लोक थांबून बघत होते, कारण वस्तीत दगडावरची कोरियन अक्षरं वाचून दाखवणारा तो पहिलाच. वाचून झाल्यावर तो जरा वेळ तसाच वाकून राहिला.

"वाचता आलं, बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "पण हाक मारल्यासारखं वाटत नाही."

बाईंनी खाली बसून वाटीतला भात नीट केला. तो नीटच होता. मग त्यांनी डोकं टेकवलं, आणि त्या इतका वेळ उठेनात, की शेवटी दोघांनी धरून उभं करावं लागलं. आपल्या भाषेत त्या काहीतरी पुटपुटत होत्या. लेओन्तीने ते ऐकलं असणार, पण त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर वस्ती ओसरत गेली. तरुण माणसं रशियात कांदे-कलिंगडं लावायला जायची ती आता परतेनाशी झाली. शाळा हळूहळू उझबेक झाली. कोरियनच्या वर्गात मूठभर पोरं उरली तेव्हा कू बाईला ताश्कंदला बोलावून घेतलं. ती निरोप घ्यायला बाईंकडे आली होती. बराच वेळ बसली आणि दोघींना बोलायला रशियनच सोयीची पडली, कारण कू बाई तोवर ती छान शिकली होती. वर्गाच्या खोलीत खताची पोती आली.

रोझा आली आणि आईला घेऊन गेली. व्होल्गोग्रादला सहाव्या मजल्यावर बाईंना खिडकीतून दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या दिसायच्या. एक दिवस चहा पिताना कप हातातून निसटला आणि उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर वाचा परत आली, पण रशियन परतली नाही. साठ वर्षं बोललेली, शिकवलेली, दुसऱ्यांच्या वह्यांत तपासलेली भाषा एका दुपारीत पुसली गेली. उरली ती लहानपणची. डॉक्टर म्हणाला, असं होतं कधी कधी.

बाई दिवसभर बोलायच्या. कधी प्रश्न असावा, कधी तक्रार, कधी एखादी लांबलचक हकिकत, मध्येच हसू. रोझा पलंगाशी बसून म्हणायची, "आई, पाणी हवंय? पाय दाबू? काय हवंय ते दाखव ना." बाई थांबून तिच्या तोंडाकडे बघायच्या, मग तेच पुन्हा सांगायच्या, अधिक सावकाश, एकेक शब्द सुटा करून, एखाद्या मंद मुलाला समजावावं तसं. रोझाला त्यात फक्त भात आणि मीठ हे शब्द ओळखू यायचे. ती भात करून आणायची. बाई तोंड फिरवायच्या.

शेवटी रोझाने लाल किनाऱ्याला लेओन्तीला फोन लावला आणि रिसीव्हर आईच्या कानाला धरला. बाईंचा चेहरा एकदम सैल झाला. त्या बोलत राहिल्या, मध्ये थांबून ऐकत राहिल्या, एकदा रागावल्याही. फोन ठेवण्याआधी रोझाने विचारलं, की आई काय म्हणत होती.

"पाणी कुठवर पोचलं, ते विचारत होत्या," लेओन्ती म्हणाला. "आणि जेवलास का म्हणाल्या."

"एवढंच? इतका वेळ बोलत होती ती."

"बाकी मला म्हणाल्या," तो म्हणाला.

त्यानंतर दर रविवारी फोन व्हायचा. थंडी सुरू झाली आणि एका रविवारी तो कुणी उचलला नाही. पुढच्या रविवारी लेओन्तीच्या सुनेने उचलला आणि सांगितलं, की कालव्याच्या दाराशी गेले होते, तिथेच पडले ते उठले नाहीत. रोझाने ते आईला सांगायचं ठरवलं, पण सांगणार कसं? तिने खुणा करून पाहिल्या. बाईंनी डावा हात पुढे केला आणि रिसीव्हर मागितला.

बाई वसंतापर्यंत होत्या. बोलणं थांबलं नव्हतं. रोझा समजायचा प्रयत्न सोडून आता नुसती ऐकायची आणि आईचं थांबलं की आपलं रशियनमध्ये काहीतरी सांगायची, ऑफिसातलं, मुलांचं, जिन्यातल्या मांजरीचं. बाई मान हलवायच्या. मग पुन्हा त्यांची पाळी.